संकलन जरा सैल

कोल्हापुरात पिच्चरबद्दल मत नसलेला माणूस हवा असेल तर तो बाहेरगावाहून मागवावा लागेल. गावाची सवयच तशी आहे. बाबूराव पेंटरांनी साथीदारांना घेऊन इथेच कॅमेरा घडवला, 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. पुढे १९२३ च्या 'सिंहगड'ला इतकी झुंबड उडाली की करमणूक कराची कल्पना सरकारला ती गर्दी बघूनच सुचली, असं आमच्याकडे छाती फुगवून सांगतात. पिच्चर चांगला आहे हे सरकारला कळलं आणि त्याने लगेच हात पसरला, याहून वरचा शेरा मी तरी ऐकलेला नाही. टिळकांनी पदवी दिली, सरकारने कर लावला. मी दहापैकी गुण देतो, तेही दशांश चिन्हासकट.

एका पतसंस्थेत मी वसुली अधिकारी आहे. दिवसभर लोकांच्या सबबी ऐकायच्या आणि त्यातली खरी कुठली, रचलेली कुठली ते ताडायचं, हे माझं काम. पटकथेची पारख मला तिथूनच आली असा माझा समज आहे. संस्थेत संगणक आले तेव्हा एक कोरी खतावणी शिल्लक राहिली होती. लाल कापडी बांधणीची, जाडजूड. ती मी घरी आणली आणि तिच्या रकान्यांना नावं दिली : कथा, पटकथा, अभिनय, संगीत, छायाचित्रण, संकलन आणि शेवटी 'एकूण परिणाम'. प्रत्येकाला दहापैकी गुण, मग सरासरी.

यातला संकलनाचा रकाना फार उपयोगाचा. सरासरी मनासारखी आली नाही की संकलनाचे गुण वरखाली करायचे. ताळेबंद जुळेना की फरक अनामत खात्यात टाकतात, त्यातलाच प्रकार. 'संकलन जरा सैल आहे' असं म्हटलं की समोरचा गंभीरपणे मान डोलावतो. मग मीही डोलावतो.

चित्रपटाला चांदण्या द्यायची पद्धत न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'मध्ये आयरीन थायरर या समीक्षक बाईंनी १९२८ मध्ये सुरू केली असं मानतात. बाईंचा सगळा कारभार तीन चांदण्यांत आटपत असे. उत्तमला तीन, बऱ्याला दोन, सुमारला एक आणि टाकाऊला काहीच नाही. त्यांना एवढ्यात भागवता आलं, कारण त्यांना पगार मिळत होता. ज्याला कुणी विचारलेलं नाही त्याला अचूक राहावं लागतं. म्हणून माझ्याकडे पाऊण गुणही आहे. 'सात' म्हणणारा माणूस अंदाजे बोलतोय असं वाटतं. 'पावणेसात' म्हणणाऱ्याशी सहसा कुणी वाद घालत नाही. आणि दहापैकी दहा मी कुणालाच देत नाही. दहा देणारा रसिक ठरतो, जाणकार ठरत नाही.

जाणकार ठरायचे काही आडाखे आहेत. परदेशी महोत्सवात बक्षीस मिळालं की साडेआठच्या खाली यायचं नाही. पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला २०२४ मध्ये कानच्या महोत्सवात ग्राँ प्री मिळाल्याची बातमी सकाळी वाचली आणि दुपारी खतावणीत नोंद केली : ८.७५. चित्रपट आपल्याकडे यायला अजून अवकाश होता. पण बक्षीस मिळालेला चित्रपट बघून मत बदलायचं म्हणजे पंचाईतच, त्यापेक्षा आधी गुण देऊन मोकळं झालेलं बरं. सुट्टीला आलेल्या लेकीने विचारलं, ''बाबा, त्यातलं काय आवडलं?'' मी म्हटलं, ''प्रकाशयोजना.'' नावातच प्रकाश आहे म्हटल्यावर हे उत्तर कुठे अडकणार नव्हतं.

''आणि छाया कदम?''

''त्याही.''

आतून ही म्हणाली, ''छायाचित्रणातच धरल्यात त्यांनी.''

खतावणी माझ्या ताब्यात होती तोवर हे सगळं सुरळीत चाललं होतं. घरात नवा टीव्ही आला आणि गाडं बिनसलं. जुना टीव्ही आपण काय बघितलं ते विसरून जायचा. नवा विसरत नाही. तो 'पुन्हा बघा' अशी एक ओळ मांडून ठेवतो आणि घरात पाहुणे असोत-नसोत, चालू केला की पहिली तीच दाखवतो. दिवाळीला जावई आले होते. फराळाची ताटली हातात घेऊन त्यांनी सहज रिमोट दाबला. ओळीत 'अशी ही बनवाबनवी', शेजारी 'धूमधडाका', मग 'झपाटलेला', मग परत 'बनवाबनवी' (हा दुसऱ्या ॲपवरचा), मग 'पुष्पा २'. सगळ्यांच्या खाली लाल रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली. सगळ्यात शेवटी चैतन्य ताम्हाणेंचा 'द डिसायपल'. त्याच्याखालची रेघ एवढी बारीक की जावयांना ती टीव्हीवर पडलेला डाग वाटली. त्यांनी रुमालाने पुसून बघितली.

'द डिसायपल'ला व्हेनिसमध्ये पटकथेचं पारितोषिक मिळालेलं. माझ्या खतावणीत पावणेनऊ. 'बनवाबनवी'ला साडेपाच, शेरा : 'तांत्रिक बाजू लंगडी.' आता १९८८ च्या त्या चित्रपटाची कुठली बाजू लंगडी आहे हे मला सांगता येणार नाही, कारण तो लागला की मी संवाद नटांच्या आधी म्हणतो आणि तेवढ्यात तांत्रिक बाजू निघून जाते.

जावई शिकलेले आणि सभ्य. एवढंच म्हणाले, ''बाबा, नेटफ्लिक्सनेसुद्धा २०१७ मध्ये चांदण्या काढून अंगठा आणला.'' का, ते मी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं. लोक गंभीर माहितीपटाला पाच चांदण्या द्यायचे आणि रात्री जेवताना लावायचे काहीतरी हलकंफुलकं, ज्याला त्यांनी स्वतःच तीन दिलेल्या असायच्या. कोण काय बघतं आणि कशाला मोठं म्हणतं याचा मेळ कंपनीला लागेना. मी म्हटलं, ''अमेरिकेतले लोक तसलेच.'' जावयांनी चकली मोडली. तिचा आवाज नको तितका झाला.

कचेरीत मात्र माझा दबदबा शाबूत होता. शुक्रवार आला की कॅशियरपासून शिपायापर्यंत सगळे विचारायचे, ''साहेब, कितीचा आहे?'' मीही फाइलमधून डोकं वर न काढता आकडा सांगायचो. २०२५ च्या जुलैत 'सैयारा' आला. थिएटरात पोरंपोरी हुंदके देतायत, कुणी सलाइन लावून पिच्चरला आलंय, असले व्हिडिओ दिवसभर फिरत होते. हे थोतांड फोडून काढायचं म्हणून मी कामाच्या दिवशी दुपारचा खेळ गाठला. वसुलीला जातो असं सांगून बाहेर पडलो होतो. कोपऱ्यातली खुर्ची घेतली आणि मसाल्याचं पॉपकॉर्न मांडीवर ठेवलं.

मध्यंतरापर्यंत मी शाबूत होतो. मनात वाक्यं जुळवत होतो : बाळबोध, बेगडी, संगीताच्या कुबड्या. मग त्या मुलीला एकेक गोष्ट आठवेनाशी होऊ लागली. माझी आई शेवटच्या वर्षात मला माझ्या मामाच्या नावाने हाक मारायची. ते इथे आठवायचं काही कारण नव्हतं. पण डोळे भरले. अंधारात चाचपडून पॉपकॉर्नबरोबर मिळालेला कागद घेतला आणि पुसले. त्या कागदाला तिखट मसाला चिकटलेला. पुढचा अर्धा तास मी सलाइनवाल्या पोरापेक्षा जास्त रडलो. त्यातलं कलेपायी किती आणि मिरचीपायी किती, याचे वेगळे रकाने पाडता येणार नाहीत.

दिवे लागले. मागच्या रांगेतून आवाज आला, ''सर, पाणी देऊ?''

आमच्या कचेरीत नुकतीच लागलेली क्लार्क होती. तीही वसुलीलाच गेलेली असावी.

दुसऱ्या दिवशी कॅशियरने विचारलं, ''साहेब, तो 'सैयारा' कितीचा?'' मी म्हटलं, ''चार. कथा बाळबोध. संकलन जरा सैल.'' पलीकडच्या टेबलावरून त्या मुलीने फक्त मान वर केली. त्यानंतर तिने सोमवारची रजा मागितली की मी कारण विचारत नाही.

याच कचेरीत आणखी एक प्रकार झाला. तो इथे बसतो की नाही कोण जाणे, पण सांगतो. मे महिन्यात 'आता थांबायचं नाय' आला होता. मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कर्मचारी रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, अशी खऱ्या घटनेवरची गोष्ट. आमचा शिपाई तो बायकोला घेऊन बघून आला. मी त्याला न विचारताच सांगितलं, ''साडेसहा. प्रेरणादायी आहे, पण ठोकळेबाज.'' तो म्हणाला, ''व्हय साहेब.'' चहाचे कप उचलले, दारापर्यंत गेला आणि परत वळून म्हणाला, ''साहेब, दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म कुठं भरायचा असतोय?''

मला माहीत नव्हतं. कॅशियरला माहीत होतं.

आता मंडळाच्या भानगडीकडे येतो. आमच्या पेठेतल्या तालीम मंडळाने २०२५ च्या गणेशोत्सवात जुनी पद्धत परत सुरू करायची ठरवली : रस्त्यावर पडदा बांधून पिच्चर. माझ्या लहानपणी हे सर्रास चालायचं. रस्त्याच्या मधोमध पांढरा पडदा, दोन्ही बाजूंना माणसं. एका बाजूच्यांना पिच्चर सरळ दिसायचा, दुसऱ्या बाजूच्यांना उलटा. उलट्या बाजूला वाढलेल्या आमच्या पिढीला कित्येक वर्षं सगळे हिरो डावखुरे वाटायचे.

पिच्चर निवडायला पोरं माझ्याकडे आली. अध्यक्ष पंचविशीचा, व्यायामशाळेत घडलेला. ''काका, तुमी जाणकार. पोरं 'छावा' म्हणाल्यात.'' मी खतावणी उघडली. आरती आटपायला आठ वाजणार आणि रात्री दहाला स्पीकर बंद. मधे मिनिटं एकशेवीस. 'छावा' एकशे एकसष्ट मिनिटांचा, बाद. 'पुष्पा २' दोनशे, त्याचं नावच नको. मी चष्मा वर केला आणि म्हटलं, '''कोर्ट.' एकशे सोळा मिनिटं. व्हेनिसला पारितोषिक, राष्ट्रीय पुरस्कारात सुवर्णकमळ, ऑस्करला भारताची अधिकृत प्रवेशिका. मी नऊ दिलेत.''

''नऊ?'' पोरं चमकली. माझ्या खतावणीत नवाच्या पुढे कुणी गेलेलं नाही हे पेठेला ठाऊक होतं.

''कोर्टाचा हाय म्हंजे 'दामिनी'सारखा असणार,'' एकजण म्हणाला. मी तो गैरसमज दूर केला नाही. चार मिनिटं उरत होती, ती माझ्या प्रास्ताविकाला धरली.

प्रास्ताविक चौदा मिनिटं चाललं. चार मिनिटं तर 'सैरंध्री'पासून इथपर्यंत यायलाच गेली. मग इटलीचा नववास्तववाद, मग डी सिका, मग 'बायसिकल थीव्ह्ज'. पुढ्यात मांडी घालून बसलेल्या एका बारक्याने ''सायकल कुणी नेली मग?'' असं मोठ्याने विचारलं तेव्हा मी आवरतं घेतलं.

पिच्चर सुरू झाला आणि पहिली काही मिनिटं माझी कॉलर ताठ होती. म्हातारा लोकशाहीर चाळीतल्या खोलीत मुलांची शिकवणी घेतो, मग उघड्या रंगमंचावर उभा राहून गातो. वीरा साथीदारांचा तो पहाडी चेहरा पडद्यावर आला तशी तालमीच्या पायऱ्यांवरून शिट्टी आली. ढोलकी, टाळ्या. अध्यक्षाने लांबूनच मला अंगठा दाखवला. गाण्यातून सफाई कामगाराला आत्महत्येला चिथावलं या आरोपावरून पोलीस शाहिराला धरून नेतात. ''आता बघ,'' पोरं सरसावून बसली.

आणि मग कोर्ट सुरू झालं.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलाय त्यांना ठाऊक आहे. कॅमेरा एका जागी ठेवलेला असतो आणि तो तिथून हलत नाही. न्यायाधीश बोलतात, सरकारी वकील कायद्याचं लांबलचक कलम वाचून दाखवते, पुढची तारीख पडते. प्रोजेक्टरवाल्याला वाटलं लॅपटॉप अडकला. त्याने माउस हलवला. एक पांढरा बाण उगवला आणि न्यायाधीशांच्या कपाळावरून फिरत नाकापाशी येऊन थांबला. मी ओरडलो, ''चालू आहे रे! बघ, तो मागचा माणूस हलला!'' तेव्हापासून अख्खी पेठ मागचा माणूस कधी हलतो ते बघत बसली. हलला की टाळ्या.

उलट्या बाजूला, गल्लीच्या पायऱ्यांवर बायका बसल्या होत्या. तिथून मात्र कुणी उठलं नाही. सरकारी वकील बाई लोकलने घरी जाते आणि काळा कोट उतरवून स्वयंपाकाला लागते, तेव्हा त्या बाजूने कुणीतरी म्हणालं, ''दमली बाई.'' दुसरीने विचारलं, ''तिचा नवरा काय करतोय?'' बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून न्यायाधीश एका बाईचा खटला ऐकायलाच नकार देतात, तिथे तिकडे हशा पिकला आणि इकडे, सरळ बाजूला, पुरुष मंडळी कशाला हसतायत म्हणून एकमेकांकडे बघत राहिली. मी सरळ बाजूला, पहिल्या रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर होतो. मलाही कळलं नव्हतं.

बचाव पक्षाच्या वकिलाच्या तोंडाला हॉटेलबाहेर काळं फासतात तेव्हा पोरांना पुन्हा हुरूप आला. आता हा गडी एकेकाला हाणणार. त्याने कुणालाच हाणलं नाही. तिथून तरुण वर्ग भडंग आणायला म्हणून गेला तो परतला नाही.

दहाला एक-दोन मिनिटं असताना कोर्टाचं कामकाज संपतं, माणसं निघून जातात, खोलीतले दिवे मालवले जातात आणि पडदा काळाकुट्ट होतो. अख्ख्या रस्त्यावर अंधार. ''लाइट गेली काय?'' मी ताडकन उठलो आणि माइक हातात घेतला. ''रसिकहो, हीच दिग्दर्शकाची खुबी! अंधारातच चित्रपट संपतो. न्यायव्यवस्थेतला हा अंधार आपण मनात घेऊन घरी जायचं आहे.'' अध्यक्षाने घाईघाईने हॅलोजन लावला. लोकांनी सुटकेच्या टाळ्या वाजवल्या, खुर्च्या सरकल्या, सतरंज्या झटकल्या गेल्या. तेवढ्यात चौकातल्या हवालदाराने येऊन घड्याळ दाखवलं आणि स्पीकर बंद झाला.

आणि पडद्यावर ऊन पडलं. न्यायाधीश साहेब बायकापोरांसकट एका रिसॉर्टवर सहलीला आले होते.

सगळे अर्धवट उठलेले. अध्यक्षाने मला बाजूला घेतलं. ''काका, हा कंचा पिच्चर?''

''हाच.''

''मगाशी तुमीच म्हनाला संपला.''

२०१५ च्या एप्रिलमध्ये थिएटरात तो अंधार पडला तेव्हा पार्किंगमधली गर्दी टाळायला म्हणून मी उठून बाहेर आलो होतो. नऊ गुण त्या हिशोबातले. हे काही अध्यक्षाला सांगण्यासारखं नव्हतं. ''हे परिशिष्ट आहे,'' मी म्हटलं. त्याने हॅलोजन चालूच ठेवला आणि पोरांना पडद्याच्या दोऱ्या सोडायला लावलं. प्रोजेक्टरवाला म्हणाला, भाडं पूर्ण पिच्चरचं घेतलंय, तो पूर्णच दाखवणार. तर उरलेला भाग आम्ही एका बाजूने सुटलेल्या, वाऱ्यावर हलणाऱ्या पडद्यावर, आवाजाशिवाय पाहिला. आम्ही म्हणजे मी, प्रोजेक्टरवाला आणि हवालदार. न्यायाधीश बागेतल्या बाकावर झोपतात. पोरं येऊन ओरडतात. ते दचकून उठतात, एकाला थोबाडीत देतात आणि परत डोळे मिटतात. हवालदार काठी टेकून उभा होता. म्हणाला, ''झोपू द्या. सुट्टी हाय त्यांची.''

शेवट फार उंचीचा आहे. आवाज असता तर कसा वाटला असता सांगता येत नाही.

घरी आलो तर ही कुलूप काढत होती. उलट्या बाजूच्या पायऱ्यांवर बसलेल्या बायकांत ही पण होती, हे मला तेव्हा कळलं. ''तुम्ही माइकवर बोलायला लागलात आणि आम्ही उठलो,'' म्हणाली. ''चांगला चालला होता.''

पेठेत मग मला 'कोर्टवाले काका' असं नाव पडलं. दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत कुणीही हाक मारून विचारायचं, ''काका, मागचा माणूस हलला काय?'' विसर्जनानंतर मंडळाची बैठक झाली. तिथे अध्यक्षाने माझे जाहीर आभार मानले आणि पुढच्या वर्षापासून थकलेल्या वर्गणीची वसुली मी बघावी असा ठराव बिनविरोध मंजूर करून घेतला. पिच्चरची निवड पोरांकडे.

पुढच्याच आठवड्यात 'दशावतार' आला. हिचं माहेर कुडाळचं. ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर त्यात दशावतारी कलावंताच्या भूमिकेत आहेत. पिच्चर बघून घरी आलो आणि माझे सव्वासात गुण तयार होते. पण हिने चप्पलसुद्धा न काढता भावाला फोन लावला तो रात्री साडेअकरापर्यंत. मालवणीत काय बोलणं चाललं होतं ते मला निम्मंच कळत होतं. मध्येच हसायची, मध्येच नाक पुसायची. सव्वासात तसेच राहिले. त्या रात्री मी ते खतावणीत घातलेही नाहीत.

एका रविवारी सकाळी दारात तात्या उभे. आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात, पंच्याहत्तरीचे, काखेत फडक्यात बांधलेला गठ्ठा. 'कोर्ट'च्या रात्री ते पहिल्या रांगेत माझ्या शेजारच्या खुर्चीवर होते आणि अंधार होईपर्यंत जागचे हलले नव्हते. ते झोपलेत असं मी धरून चाललो होतो.

''बसा तात्या. चहा घेणार?''

''चहा ऱ्हाऊ दे. त्या शाहिराचा निकाल काय लागला?''

''तुम्ही बघितलात की.''

''तुमी संपला म्हनाला, म्हनून मी उठलो. घरला गेल्यावर नातू म्हनाला, अजून हुता. मग निकाल फुडं असणार.''

मी चष्मा पुसला. ''निकाल नाही लागला तात्या. सुट्टी लागली.''

''किती?''

''महिनाभर.''

''आनि शाहीर?''

''आत.''

तात्यांनी मांडीवर थाप मारली. ''बरोबर हाय! बांधाचा दावा हाय माझा, शहाण्णव सालचा. असंच बोलत्यात बघा तिथं. तसंच कागूद वाचत्यात, तसंच मान खाली घालून लिवून घेत्यात. मला तर त्यातला एक वकील वळखीचा वाटला.'' मग पुढे झुकून म्हणाले, ''तुमी किती मार्क दिलाईसा ह्याला?''

''नऊ.''

''एक कशाचा कापला?''

तोंडात बसलेलं वाक्य आपसूक बाहेर आलं, ''संकलन जरा सैल आहे.''

''ते काय असतंय?''

इतक्या वर्षांत हे विचारणारे तात्या पहिलेच. आत भांड्यांचा आवाज थांबला. हीसुद्धा ऐकत होती. मी म्हटलं, ''म्हणजे... नको असलेला भाग कापून टाकायचा, की उरतो तेवढा नीट पुढे सरकतो.''

तात्यांनी थोडा विचार केला. मग फडक्याची गाठ सोडली आणि शहाण्णव सालापासूनचे सगळे कागद, दावा, कैफियत, तारखांच्या चिठ्ठ्या, मोजणीचे नकाशे, माझ्या टेबलावर खतावणीशेजारी ठेवले.

''मग ह्यातलं काय कापता येतंय तेवढं बघा,'' ते म्हणाले. ''आनि आता चहा टाकायला सांगा.''